पांढरी पाच

‘बाबा, तुमची पेटी ऐकूच येत नाहीये. म्यूटवर आहात बहुतेक.’

मोबाइल पेटीच्या फळीवर, घडी घातलेल्या रुमालाआड ठेवलेला होता. तो थरथरला म्हणून दत्तप्रसादने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, एवढंच. धायरीच्या घरातून कल्याणीचा मेसेज. त्याच्या वर तिचाच आधीचा एक, पूर्वरंग नुकता सुरू झाला असेल तेव्हाचा: ‘पेटीचा माइक चेक करा ना बाबा.’ म्हणजे नमनापासून. म्हणजे कीर्तनकार दीपमालाताईंनी मूळ पद उचललं तेव्हापासून, म्हणजे सगळाच पूर्वरंग. त्याचा हात मात्र थांबला नाही. थांबण्याची सोयच नव्हती. निरूपण संपवून दीपमालाताईंनी नुकताच नामाचा गजर सोडला होता, बिबवेवाडीच्या त्या देवळाच्या सभामंडपातली माणसं टाळ्यांवर आली होती, मंडळाचे आप्पासाहेब हाराचं ताट सांभाळत पुढे येत होते. आता ताईंच्या गळ्यात हार पडून, कपाळी बुक्का लागून, त्या दोन घोट कोमट पाणी पिऊन पुन्हा उभ्या राहीपर्यंत गजर चालता ठेवणं हे पेटीचं आणि तबल्याचं काम. बोटं चालत होती. भाता चालत होता. आणि दत्तप्रसाद त्याच्या डाव्या बाजूच्या काळ्या स्पीकरकडे कान लावून बसला, दाराशी आलेलं पाऊल ओळखीचं आहे का हे ऐकावं तसा. तबला होता. झांज होती. लोकांचा आवाज होता, त्यात एका बाईंचा फार वरचा. पेटी नव्हती. पेटी होती ती इथे, मांडीपाशी, लाकडातून येणारी, उघडी, लहान. बाहेरच्या पटांगणात खुर्च्यांवर बसलेल्यांना, मोबाइलवर थेट बघणाऱ्यांना, कल्याणीला, तिच्या आईला नम्रताला, मुद्दाम लिंक पाठवलेल्या कंपनीतल्या चार जणांना आज कीर्तनात पेटी नव्हतीच. एक पन्नाशीचा माणूस तेवढा पांढऱ्या सदऱ्यात बसून भाता हलवताना दिसत होता.

कुणी केलं हे, असा प्रश्न त्याच्या मनात उठलाच नाही, कारण उत्तर आधीच येऊन बसलं होतं. नमनाच्या आधी ताई उभ्या राहिल्या, उपरणं सारखं केलं, खांबाशी टेबल मांडून बसलेल्या साउंडवाल्या समाधानकडे बघितलं आणि तळहात उपडा करून दोनदा खाली दाबला. कमी करा. तेव्हा त्यांची नजर जाता जाता पेटीवरून गेली होती. त्याने ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता ती नजर परत आली आणि जाईना. बरोबरच आहे. आज काय ठरायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. गोपाळकृष्णकाका, ताईंचे वर्षानुवर्षांचे पेटीवाले, हात कापायला लागल्यामुळे बसायचे थांबले होते. पुढच्या आठवड्यापासून सदाशिव पेठेतल्या देवळात ताईंची चातुर्मासाची कीर्तनं लागणार, रोज संध्याकाळी, चार महिने. त्या चार महिन्यांत ताईंच्या उजव्या हाताला कोण बसणार? ‘आज तुम्ही बसा,’ ताई म्हणाल्या होत्या, ‘पुढचं आज ठरवू.’ आणि त्याच दमात त्यांनी योगेशलाही यायला सांगितलं होतं. तो तिथे दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकून मोबाइलवर काहीतरी सरकवत होता. चोवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेला, रियाजाच्या नावाने बोंब. पण गाणं कानावर पडायचा अवकाश, ते याच्या बोटांतून बाहेर. जशी काही बोटं आधीपासून तिथेच राहायला होती.

‘काका, तुम्ही पेटी वाजवता की तपासता?’ योगेशने एकदा विचारलं होतं. सदाशिव पेठेत, दवाखान्यावरच्या त्या खोलीत, जिथे ताईंचा वर्ग चालायचा आणि जिथे खालून कायम कंपाउंडरच्या हाका यायच्या. सगळे हसले होते. दत्तप्रसादही हसला होता, कारण न हसणं म्हणजे लागलं हे कबूल करणं. पण ते बोलणं तो स्कूटरवरून सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून धायरीपर्यंत घेऊन गेला आणि जेवताना नम्रताने भाजी कशी झालीय विचारलं तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणाला आणि तिने पातेलं जरा जोरातच आत नेलं. तपासतो. बरोबर. अठ्ठावीस वर्षं दुसरं काय केलं? चाकणच्या कारखान्यात गिअर तयार होऊन ट्रेमधून यायचे आणि तो एक-एक उचलून गेज लावायचा. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, झालं, एवढंच. गेलं तर चांगला, नाही तर लाल डब्यात. त्याच्या हाताखालून वाईट गिअर कधी पुढे गेला नाही, हे साहेबांनीही निरोपाच्या वेळी सांगितलं. पण चांगला गिअर कसा दिसतो हे त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ज्यात काही सापडलं नाही तो. पेटीही तो तशीच शिकला. काही सापडू नये म्हणून. चाळिशीनंतर सुरू केली, सगळ्या परीक्षा दिल्या, सगळ्यांत पहिला वर्ग, नम्रताने प्रमाणपत्रं हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली. मोबाइलवर सूर दाखवणारं एक अॅप असतं, सूर बरोबर लागला की हिरवं होतं. तो ते समोर ठेवून बसायचा. कल्याणी लहान असताना म्हणायची, बाबांचा सिग्नल सुटला का? आधी त्याला वाटे, मुलीला गंमत वाटतेय. मग कधीतरी लक्षात आलं, ती दार लावून घेऊ लागलीय.

गजर दुसऱ्या चालीवर गेला. तबलजी रंगरावांनी ठेका बदलला होता. सत्तरीचा माणूस, ओठांत कायम एक लवंग, कीर्तनात अर्धे डोळे मिटलेले. दत्तप्रसादही गेला त्यांच्यामागे, कसा गेला कुणास ठाऊक, कारण त्याचं मन तिकडे नव्हतंच. ते धायरीला होतं, गेल्या महिन्यातल्या त्या कीर्तनात, जिथे सगळं बिघडलं.

काय बिघडलं होतं? काहीच नाही. हाच तर त्रास. ताई काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, सगळं गाणं तिथून मोजायचं. त्या दिवशी त्यांचा घसा बसलेला होता. आख्यान ऐन रंगात आलं आणि त्यांचा आवाज अर्ध्या सुराने घसरला, शेजारच्या पट्टीवर, पांढरी पाचवर. कीर्तनकाराचं असं होतं. माणूस तास-दीड तास उभं राहून गातो, बोलतो, रडतो, हसवतो, नाचतो. अशा वेळी पेटीने काय करायचं असतं हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. गोपाळकृष्णकाका एका श्वासात बोटं हलवून नव्या पट्टीवर जाऊन बसायचे आणि लोकांना वाटायचं ताई तिथेच गात होत्या. दत्तप्रसादला ते कळलं होतं. त्याच्या कानाला घसरण अगदी स्वच्छ कळली होती, गेज आत जात नाही हे बोटाला कळतं तसं. आणि तो हलला नाही. काळी चार ही काळी चार. त्याने भाता जरा जास्तच भरला, सूर जरा जास्तच ठळक ठेवला, की ताईंना कळावं आपण खाली आलोय. ताईंना कळलं. त्या वर आल्या, बसलेला घसा ओढत वर आल्या, आणि आख्यानातली आई लेकराला हाक मारते तिथे त्यांचा आवाज फाटला. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या, त्यांनी ते रडणंच समजलं. पण रंगरावांनी लवंग थुंकली. उतरताना ताई चपला घालत म्हणाल्या, अगदी सहज, पाऊस येईल का म्हणावं तशा, ‘दत्तप्रसादराव, तुमचा सूर बरोबर होता हं. माझं कीर्तन चुकलं.’

त्यानंतर किती वेळा हे वाक्य? आंघोळीला बसला की हे वाक्य. स्वारगेटच्या सिग्नलला हे वाक्य. पुण्यात इतकी वर्षं काढून त्याला एवढं कळत होतं की इथे जे बोलणं साखरेसारखं हातावर ठेवतात ते घरी गेल्यावर मीठ निघतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते खरं होतं. त्याला बदलता आलं असतं. हात जात होता. कुणीतरी आतून मनगट धरलं होतं. ते कोण होतं हे त्याला आज, या गजरात, लोक ताईंच्या पाया पडायला रांग लावत असताना, अगदी जवळून दिसायला लागलं आणि त्याला ते बघायचं नव्हतं.

कारंजा गावचं देऊळ. वऱ्हाडातलं, लाल मातीने लिंपलेलं पुढचं अंगण. त्याचे वडील बाबुराव एसटीत कंडक्टर होते, गाडीभर माणसांना ऐकू जाईल असा आवाज, आणि सुराचा पत्ता नाही. कीर्तनाचं वेड असं की ड्यूटीवरून खाकीतच येऊन बसायचे, बॅग पोटाशी. छोटा दत्तू पेटीवाल्याच्या मांडीला चिकटून बसायचा, कारण तिथे भात्याचा वारा लागायचा. गालावर. भाता उघडला की वारा, मिटला की नाही, पुन्हा वारा. त्यात जुन्या कातड्याचा, लाकडाचा, बुक्क्याचा वास. त्या वाऱ्यात त्याला झोप यायची आणि झोपेत कीर्तन चालू राहायचं, बुवांचे पाय, घुंगरांचा एक बारीक आवाज, आणि देव असेल तर इथेच कुठेतरी असणार, पेटीच्या मागे, हे इतकं साधं कळायचं. मग एकदा गजर सुरू झाला. बाबुराव डोळे मिटून, मान मागे टाकून ओरडू लागले. ओरडूच लागले. दुसरा शब्द नाही. आणि दत्तूच्या वर्गातली दोन पोरं, खांबाआड, त्यांच्यासारखी मान मागे टाकून तोंड वासून दाखवायला लागली. एकाने दत्तूकडे बोट केलं. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा ऐकू आलं की आपला बाप बेसूर आहे. त्याआधी बाप बेसूर नव्हता. त्याआधी बाप नुसता गात होता. दत्तू उठला आणि बापाचं मनगट धरून ओढायला लागला, हळू, बाबा, हळू म्हणा ना. घरी परतताना बाबुरावांनी विचारलं, ‘काहून लाजतं रे?’ तो भराभर पुढे चालू लागला. मग विहिरीपाशी बाबुराव आपणच म्हणाले, ‘देवाले सूर समजत नाही का? समजते. पन तो मोजत नाही.’

मोजत नाही. दत्तू मात्र मोजू लागला. पुण्यात कामाला लागला, पहिल्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, ‘मले नाही हो, मला. मला म्हणा.’ तो आरशासमोर उभा राहून म्हणाला. मला, तुला, कशाला. चार-सहा महिन्यांत असा साफ झाला की सदाशिव पेठेतल्या दुकानदारानेही त्याला ‘काय हवंय?’ म्हणून एकदाच विचारावं. घरी फोन केला तर बाबुराव तिकडून म्हणाले, ‘तुही बोली लय साफ झाली बाप्पा. आता फोन कोनं उचलला थेच समजत नाही.’ हसून म्हणाले. दत्तप्रसादने ते कौतुक म्हणून घेतलं होतं. घेतलं होतं का? माणूस किती लवकर शिकतो, लाजेपायी! पोहायला, बोलायला, इंग्रजी फॉर्म भरायला, लग्नात काट्या-चमच्याने जेवायला. आणि लाज जिथे पोचवते तिथून एक पाऊल पुढे जाता येत नाही. तिथे ती मनगट धरून उभी राहते. तो आतापर्यंत जे जे शिकला ते पकडलं जाऊ नये म्हणून शिकला. आणि पेटी? पेटी बाप गेल्यावर घेतली. तेराव्यानंतर पुण्याला परत आला आणि सोमवारी बाजीराव रस्त्यावर जाऊन घेऊन आला. नम्रताने विचारलं हे काय, तर म्हणाला विरंगुळा. त्याला काय हवं होतं? कुणाला दाखवायचं होतं की पाहा, बाबुराव कंडक्टरच्या मुलाचा सूर बरोबर आहे? त्या खांबाआडच्या पोरांना? त्यातला एक तर आता अमरावतीला वकील आहे, त्याला काही आठवतही नसेल.

‘दत्तोबा,’ रंगराव तबल्यावरून न वाकता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, ‘झोपलात का जागे?’

‘जागाय.’

‘झोपा की मग. बरं चाललंय.’

काय म्हणायचं होतं यांना? म्हणजे यांनाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, ताईंनी पेटी बंद करायला लावली आणि या माणसाला वाजवत बसवलं, मानाने, हार-बिर घालून, मुलांना खोटी चाकं लावलेली गाडी देतात तसं. उत्तररंगाला योगेश बसेल. पोट बिघडलं म्हणून आपणच उठावं. त्यात अपमान नाही. घरी जाऊन कल्याणीला सांगावं, तांत्रिक अडचण. प्रमाणपत्रं आहेतच भिंतीवर. उठायचं ठरवून, कुठून निघता येईल म्हणून, त्याने खाली बघितलं. आणि बोटांकडे बघतच राहिला.

बोटं पांढरी पाचवर होती.

काळी चारवर नव्हती. षड्जाचं बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर, तिथून सगळा हात सरकून वेगळाच पडलेला, काळ्यांच्या जागी पांढऱ्या, पांढऱ्यांच्या जागी काळ्या, आणि गजर त्यातून बिनबोभाट चाललेला. नमन काळी चारमध्ये झालं होतं. ते त्याला पक्कं आठवत होतं, सुरुवातीला त्याने स्वतः तपासून सूर दिला होता. मग ताई कधी खाली आल्या? निरूपणात? तो दृष्टान्त सांगताना, की त्या मधेच थांबून पहिल्या रांगेतल्या आजोबांना ‘काय हो, कालच्या कीर्तनाला झोप लागली होती ना?’ म्हणाल्या आणि हशा झाला, तिथून पुन्हा पद उचलताना? तो आठवू लागला आणि त्याला पद आठवलं, दृष्टान्त आठवला, सोबत म्हणजे काय हे सांगताना ताईंनी चालता चालता दोन पावलं मागे पडून दाखवली होती, पुढचा वळला की मागचा दिसला पाहिजे आणि नाही वळला तर पावलं ऐकू आली पाहिजेत, हेही आठवलं. हात कधी हलला ते आठवेना. त्याने हलवलाच नव्हता. हात गेला होता. आणि दुसरी गोष्ट, जी त्याला कल्याणीच्या मेसेजपासून समोर असून दिसली नव्हती: पूर्वरंगभर स्पीकरमधून त्याची पेटी येत नव्हती, आणि हे त्याला मुलीने धायरीहून कळवावं लागलं. जो माणूस बारा वर्षं दुसरं काही ऐकत नव्हता, तो आज स्वतःला ऐकायचं विसरला होता.

मग तो कुठे होता इतका वेळ?

या प्रश्नाने त्याला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. भीती वाटली. रोजच्या जिन्यात एक पायरी जास्त निघावी तशी. कारण हे तो शिकला नव्हता, निदान कधी शिकला ते त्याला माहीत नव्हतं, आणि जे कसं आलं ते माहीत नाही ते पुन्हा येईल याची काय हमी? लाल डब्यात टाकायचं की पुढे पाठवायचं? आता बघितलं म्हटल्यावर बोटं अवघडली. एक सूर जरा चिकटला. रंगरावांनी एक डोळा उघडला.

तेवढ्यात समाधान वाकून, जवळजवळ रांगतच, वायरींवरून त्याच्यापाशी आला. बिबवेवाडीतलाच, साउंड सिस्टिमचा मालक, पोट सुटलेला, कपाळाला गंध. ‘साहेब, सॉरी हां. काल हितं बारसं झालं ना, त्या पोरांनी चॅनेल बंद केलेला, माझ्या ध्यानातच न्हाई आलं. आप्पासाहेब बाहेर बसलेले, ते आत्ता म्हणले, पेटी कुठाय. आता करतो चालू.’

‘पण ताईंनी तुम्हाला खूण...’ दत्तप्रसाद म्हणाला.

‘ती व्हय? पंखा कमी करायला. पदर उडत होता त्यांचा.’

आणि तो गेला. पंखा. दत्तप्रसादला हसू यायला हवं होतं. पण त्याच क्षणी डावीकडचा स्पीकर उघडला आणि त्यातून तो स्वतः आला, मोठा, गुळगुळीत, सगळ्या मंडपावर. मी. हा मी. कल्याणीला ऐकू येत असेल आता. ताई उभ्या राहिल्या होत्या, हार उतरवून आप्पासाहेबांकडे दिला होता, गजर थांबवायची खूण झाली, आणि उत्तररंग लागला.

आख्यान एका गवंड्याचं होतं. ताईंनी ते कुठल्याशा खेड्यात ऐकलं होतं म्हणे. नदीला घाट बांधणारा गवंडी, देवाचा भक्त, आणि त्याला एकच हौस की सगळ्यात खालची पायरी अशी घडवावी की तिच्यावर माणसाचा पाय कधी सरकू नये. राजा घाट बघायला येणार म्हणून सगळे वरच्या कमानी कोरतायत, हा मात्र कमरेएवढ्या पाण्यात. ताई सांगत होत्या, मधेच साकीच्या चालीत दोन ओळी, मधेच दोन ओवीच्या, मधेच नुसतं बोलणं, आणि पेटी मागे पडत होती. फार नाही. पाव मात्रा. पण प्रत्येक वेळी दत्तप्रसाद आधी स्पीकरमधून स्वतःला ऐकत होता, बरोबर आलं का ते बघत होता, आणि मग ताईंकडे वळत होता. तोवर त्या पुढे गेलेल्या. साकीतून त्या दिंडीच्या चालीवर गेल्या तर तो साकीतच एक ओळ राहिला, एकटा, स्पीकरभर. योगेशने मोबाइलवरून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काही वाईट नव्हतं, तोच तर त्रास, त्याची बोटं गुडघ्यावर आपोआप बरोबर जागी पडत होती. दत्तप्रसादने ते पाहिलं. आता उठून गेलं तर? आता उठता येत नाही. कीर्तनात गादीसमोरून कुणी उठत नसतं. त्याला एकदम लहान मुलासारखं रडू आलं, कारण ते, जे काही होतं, थोड्या वेळापूर्वी त्याच्यापाशी होतं आणि त्याने ते बघितलं, आणि बघितलं म्हणून गेलं. देवा, त्याने मनात म्हटलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की तो मनात ‘मले’ म्हणाला होता. मले जमत नाही.

माइकचा दांडा लवचीक होता, हंसाच्या मानेसारखा. भाता उघडतानाच त्याचा डावा हात क्षणभर सुटला, त्याने ती मान धरली आणि पेटीपासून दूर, रंगरावांच्या डग्ग्याकडे वळवली. स्पीकरमधला तो गेला. समाधान खांबाशी अर्धवट उठला, काय झालं अशा हाताने. दत्तप्रसादने नुसती मान हलवली. राहू दे. पुन्हा लाकडातून येणारी, उघडी, लहान पेटी. ती ताईंना पुरेल एवढी होती. त्या चार हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्याने बोटांकडे न बघता ताईंच्या पाठीकडे बघितलं, जिथे श्वास घेतला की उपरण्याची कड वर यायची. कड वर आली. त्या कुठे जाणार होत्या हे त्याला कळलं नाही, पण त्या जिथे गेल्या तिथे पेटी होती.

मग पूर आला. गवंड्याचा घाट पाण्याखाली. ताईंचा आवाज तापत वर चढत होता, पुन्हा काळी चारला आला की त्याहूनही पुढे, दत्तप्रसादने बघितलं नाही. मध्ये दोनदा मागे पडला. एकदा चक्क चुकला, कोमलच्या जागी शुद्ध लागला, आणि ताईंनी त्या चुकीवरच ‘अशी बोंब झाली गावात!’ म्हणून वाक्य टाकलं आणि मंडप हसला आणि रंगराव मान डोलवत ‘वा’ म्हणाले, आणि त्याच्या छातीतलं एक जुनं काहीतरी सैल पडून खाली बसलं. पाणी ओसरलं, वरच्या कमानी गेलेल्या, राजाचं नाव कोरलेला दगड गेलेला. घागर भरायला एक बाई पाण्यात उतरली आणि तिचा पाय जिथे पडला तिथे तो सरकला नाही. पायरी कुणाला दिसत नव्हती. बाई घागर भरून गेली. ताई थांबल्या.

इथे मूळ पदावर परत यायचं असतं. कीर्तन जिथून निघालं तिथे पोचल्याशिवाय पुरं होत नाही. आणि ताईंची पद्धत अशी की त्या काही म्हणत नाहीत, नुसता उजवा हात वर करून उभ्या राहतात, पहिला सूर पेटीने द्यायचा. गोपाळकृष्णकाका द्यायचे. हात वर गेला. बाहेर कुठेतरी रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं टूं-टूं. कुठला सूर? काळी चार, की पांढरी पाच, की आणखी कुठला? त्या आता कुठे होत्या? खाली बघितलं असतं तर कळलं असतं. भाता उघडला. गालावर नाही, मनगटावर, वारा लागला. दत्तप्रसादने सूर दिला आणि ताईंनी तो जिथल्या तिथे, हात न लांबवता झेलावा तसा, उचलला. पहिल्या रांगेतले आजोबा जागे होते, ते गाऊ लागले. मग मागच्या बायका. मग बाहेरचे. एक आवाज त्यात अगदी बेसूर होता, मोठा, मान मागे टाकून गाणाऱ्याचा, आणि दत्तप्रसाद शोधू लागला की हा कोण, तर तो त्याचाच होता. पेटीवाले गात नसतात.

आरती झाली. लोक ताईंच्या पाया पडून, बुक्का लावून, प्रसादाच्या शिऱ्याकडे वळले. वयाने मोठे आप्पासाहेबही वाकले, गादीवरून उतरेपर्यंत कीर्तनकाराचं वय धरत नाहीत. मग ताई साथीदारांकडे आल्या. रंगरावांना बुक्का लावला. दत्तप्रसादच्या कपाळावर अंगठा टेकवला तेव्हा त्यांच्या हाताला घाम होता, श्वास अजून लागलेला होता.

‘माइक का वळवलात?’

तो उत्तर जुळवू लागला. ताईंनी वाट पाहिली नाही.

‘सोमवारी साडेपाचला. पेठेत तुम्हाला स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि मग तुम्ही घामाघूम होऊन येता, तर जरा लवकर निघत जा. आणि तो कोमल गंधार...’

‘चुकला,’ तो घाईने म्हणाला.

‘ऐकलं मी,’ ताई म्हणाल्या. ‘योगेश, अरे मोबाइल ठेव खिशात आणि सोमवारपासून झांजेला ये. रोज यायचं आहे हं, आठवण झाली की यायचं असं नाही.’

‘रोज?’ योगेश म्हणाला.

रंगराव हातोडी पिशवीत टाकत होते. ‘दत्तोबा,’ ते म्हणाले, ‘पूर्वरंगात आज मी तुमच्याकडे एकदाही बघितलं नाही. उत्तररंगात बघायला लागलं.’ आणि लवंग काढून दिली.

सोमवारी काय होईल? हात जाईल की मनगट धरलेलं असेल? एक दिवस गेला म्हणजे रस्ता झाला असं थोडंच आहे. चार महिने, रोज, आणि रोज पुन्हा पहिल्यापासून. धास्ती तीच होती, सकाळची, कदाचित कारंज्यापासूनची, फक्त ती आता उठून जा असं म्हणत नव्हती. रुमालाआड मोबाइल पुन्हा थरथरला. कल्याणी.

‘बाबा, मध्ये पाच मिनिटं आलात आणि परत म्यूट!! आई म्हणते समाधानकाकांना ओरडा. पण ताई आज काय गायल्यात! मी आणि आई शेवटी गात होतो. शेजारचे बघायला आले.’

त्याने लिहायला घेतलं की माइक मीच, आणि ते पुसलं. मग चॅनेल बंद होता असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी ‘हो ना’ एवढंच पाठवलं, आणि तेवढ्यात न राहवून, साफ बोलीचा विचार न करता, खाली आणखी एक ओळ: ‘लय गायल्या.’ मग भाता मिटवला. आत उरलेला वारा हळूच बाहेर आला.